उंचवट्याला मालक असतो

आमच्या सोसायटीचं लॉन उंचसखल आहे, हा शोध गेल्या वर्षीच्या कोजागिरीला रात्री साडेनऊच्या सुमारास लागला. चेअरमनसाहेबांची प्लॅस्टिकची खुर्ची डावीकडे कलली, ते उजवीकडे सावरले आणि मसाला दूध मधोमध, झब्ब्यावर. त्याआधी अकरा वर्षं याच लॉनवर पोरांचे गुडघे फुटत होते. बी विंगमधल्या आजी पाय मुरगळून तीन आठवडे घरात बसल्या होत्या. तेव्हा चूक पोरांच्या धावण्याची होती आणि आजींच्या चपलेची होती. झब्ब्यावर केशराचा डाग पडला आणि चूक जमिनीची झाली.

खरं तर बिल्डरनं काहीच लपवलं नव्हतं. माहितीपत्रकात या साठ बाय पन्नास फुटांना त्यानं ‘रोलिंग ग्रीन्स’ म्हटलं होतं. अख्ख्या माहितीपत्रकात तेवढंच खरं निघालं.

गवताचं एक वर्ष असतं आणि सोसायटीचं एक. आपल्याकडचं लॉनचं गवत पहिल्या पावसापासून दसऱ्यापर्यंत जोमानं वाढतं. त्या दिवसांत त्याच्यावर बोटाच्या अर्ध्या पेराएवढी माती पसरा, दोन-तीन आठवड्यांत ते माती गिळून वर येतं. थंडीत ते पेंगतं, उन्हाळ्यात कसंबसं तग धरतं. सोसायटीचं उलटं. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून २९ तारखेला होते. कोटेशनं डिसेंबरात येतात, भांडणं जानेवारीत होतात. मग फेब्रुवारीत खजिनदारांना आठवतं, की ३१ मार्चच्या आत खर्च झाला पाहिजे. सोसायटीचा निधी काही सरकारी नाही, पडून राहिला तर परत जात नाही. पण खजिनदार सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत. मार्च त्यांच्या रक्तात आहे.

तर मार्चमध्ये, पारा छत्तिशी ओलांडत असताना, लॉन सपाट करायचं ठरलं.

तज्ज्ञांचे तीन पंथ झाले. पहिला रोलरपंथ. एकेकाळी जिमखान्यावर लेगस्पिन टाकलेले एक काका आहेत. त्यांना जगातल्या कुठल्याही प्रश्नावर रोलर सुचतो. “चांगलं पाणी मारा, सकाळ-संध्याकाळ रोलर फिरवा, आठ दिवसांत पाटा!” आता खेळपट्टीला दगडासारखं टणक व्हायचं असतं, गवताला श्वास घ्यायचा असतो. रोलर जमीन सपाट करत नाही, ती दाबतो. त्यातही जी मऊ आहे तीच दबते. जिथं उंचवट्याखाली काही कठीण आहे तिथं तो नुसता गडगडून पुढं जातो आणि शेजारचा खड्डा आणखी खोल करून ठेवतो. ओल्या चिकणमातीवर फिरवला तर विचारूच नका. पाणी मुरायची वाट बंद, मुळं गुदमरलेली. सपाटी हवी म्हणून रोलर आणणं म्हणजे भांडण मिटवायला पैलवान आणणं. शांतता होते, पण दबलेला नेहमी दुबळाच असतो.

दुसरा मोबाइलपंथ. सी विंगमधला आयटीतला तरुण. त्याच्या फोनमध्ये बुडबुड्याचं ॲप आहे. त्यानं चौदा जागी फोन ठेवला, चौदा आकडे काढले, रंगीत नकाशा केला. लाल म्हणजे उंच, निळं म्हणजे सखल. नकाशा इतका देखणा होता, की दोन सभासदांनी तो घरात लावायला मागितला. हेच काम माळीमामांनी गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं पाऊण तासात केलं होतं. दोन काठ्या, मधे पारदर्शक पाइप, आत पाणी, पाणी दिसावं म्हणून चिमूटभर कुंकू. पण पाइपचा नकाशा निघत नाही, त्यामुळे तो सभेपुढे मांडता आला नाही.

तिसरा डंपरपंथ, खुद्द चेअरमनसाहेबांचा. वरून माती ओतायची, सगळं झाकलं जातं. हा पंथ आपल्याकडे पुरातन आहे आणि लोकप्रियही.

माळीमामा कुठल्याच पंथात नव्हते. त्यांनी एका उंचवट्यावर पहार मारली. टण्ण! दुसऱ्या उंचवट्यावर मारली. टण्ण! तिसऱ्यावर आवाज आला नाही. तिथं ते खाली बसले, तळहात ठेवून हलकेच दाबला आणि म्हणाले, “सायेब, हितं जमीन न्हाई वर आली. गवतच फुगलंय.”

हे मात्र ऐकण्यासारखं आहे. नर्सरीत ‘कोरियन’ म्हणून मिळणारं बारीक, मऊ गवत वेळच्या वेळी कापलं नाही तर आपल्याच अंगावर वाढत जातं आणि उशीसारखे फुगवटे तयार करतं. खाली जमीन सरळ असली तरी वर टेकड्या. आमच्याकडे गवत कापायचं यंत्र दीड वर्ष दुरुस्तीला होतं. इंग्लंडात १८३० मध्ये एडविन बडिंग नावाच्या माणसानं हे यंत्र शोधलं. कापड गिरणीत कापडावरची लव छाटायचं यंत्र बघून त्याला ते सुचलं. तोवर साहेबाचं लॉन विळे आणि मेंढ्या राखत. आमच्या यंत्राचं पातं जिथं दुरुस्तीला दिलं होतं, तिथं त्याला कुणी विचारलंच नाही. म्हणजे आमचे एक-तृतीयांश उंचवटे हे जमिनीचे नव्हतेच, ते पाठपुराव्याचे होते.

बाकीच्यांखाली काय होतं? मामांनी गवतावर इंग्रजी एच अक्षरासारखा छेद घेतला, दोन्ही बाजूंची गवताची गादी दाराच्या झडपांसारखी उघडली आणि खणलं. विटांचे तुकडे निघाले. फरशीचे तुकडे निघाले. सिमेंटची एक गोणी निघाली. कागद कुजून गेलेला, सिमेंट मात्र गोणीच्या आकारात, दोन्ही कान शाबूत. शेवटी अर्धा कमोड निघाला. ज्या ‘रोलिंग ग्रीन्स’वर दर १५ ऑगस्टला आम्ही ताठ उभे राहत होतो, त्यांच्या पोटात हे होतं. राबिट उचलून टाकायला ट्रॅक्टरला भाडं पडतं. पुरायला फक्त अंधार लागतो.

राबिट काही वर येत नाही. ते जिथल्या तिथं असतं. आजूबाजूची भराव टाकलेली माती वर्षागणिक बसत जाते, आणि मग न बसणारं उघडं पडतं. सोसायटीच्या जागी पूर्वी ज्वारीचं शेत होतं, माती काळी. काळी माती म्हणजे जिवंत जनावर. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला अशा भेगा पडतात की स्कूटरची किल्ली गेली तर थेट पाताळात. भेगांमध्ये वरची भुसभुशीत माती पडते, पुन्हा पाऊस आला की आतली माती फुगते, तिला पसरायला जागा नसते, मग ती वर उचलली जाते. अशा जमिनीला कुणी हात लावला नाही तरी ती स्वतःहून खड्डे-टेकाडं करते. ऑस्ट्रेलियातही अशी माती आहे, आणि तिथल्या चढउतारांना तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेला ‘गिलगाय’ असा खास शब्द आहे. त्यांनी त्याला नाव दिलं. आम्ही निविदा मागवली.

मामा उंचवटे कापायला निघाले आणि खरी गंमत तिथून सुरू झाली. खड्डा भरायला कुणाचीच हरकत नव्हती. खड्डा बेवारस असतो. उंचवट्याला मात्र मालक निघाला. दक्षिणेकडचं टेकाड होतं तिथं गणपतीच्या मांडवाचा मुख्य खांब रोवला जातो. ते कापलं तर मंडळाचा मान जाईल. कोपऱ्यातला फुगवटा म्हणजे ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण. ते खाली घ्यायचं तर प्लंबर हवा, प्लंबर म्हणजे वेगळं कोटेशन, वेगळं कोटेशन म्हणजे वेगळी सभा. मधला उंचवटा एका सभासदांच्या दिवंगत कुत्र्याचा. अकरा वर्षांत पहिल्यांदाच कळलं की आपण योगासनं कुणाच्या उशाशी करत होतो. आणि सगळ्यात मोठं टेकाड होतं ते आंब्याच्या झाडाच्या मुळांचं. ते झाड एका माजी चेअरमननी लावलेलं, आजी चेअरमन आणि ते गेली सहा वर्षं बोलत नाहीत. मुळं कापली तर सूड दिसेल, ठेवली तर दुबळेपणा. शेवटी ठराव झाला : ‘कोणताही उंचवटा न कापता लॉन समपातळीत आणण्यात यावे.’ सूचक, अनुमोदक, सर्वानुमते.

या ठरावानं डंपरपंथ आपोआप जिंकला. उंच ते तसंच ठेवायचं असेल तर बाकीचं सगळं तिथवर उचलावं लागतं.

इथं थोडा हिशेब. माती, मुरूम, वाळू आपल्याकडे ब्रासनं मोजतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. साठ बाय पन्नास म्हणजे तीन हजार चौरस फूट. गवतावर एका वेळी अर्ध्या इंचाहून जास्त माती घालायची नाही, पात्यांची टोकं वर दिसत राहिली पाहिजेत, हा नियम. मग सगळ्या लॉनला माती लागते एकशे पंचवीस घनफूट, सव्वा ब्रास. आली किती? दोन डंपर. सहा ब्रास. तीन हजार फुटांवर सहा ब्रास म्हणजे जवळजवळ अडीच इंचांचा थर. लॉन सपाट करायचं नव्हतं, पुरायचं होतं, असाच कुणाचाही समज व्हावा. मामा म्हणाले, “सायेब, गवताचा जीव जाईल.” चेअरमन म्हणाले, “माती परत घेत नाहीत.”

मार्चअखेर लॉन सपाट झालं. लाल, गुळगुळीत, एकही पातं नसलेलं. फोन ठेवला की बुडबुडा बरोबर मधे. आयटीतल्या तरुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. खजिनदारांनी ३१ तारखेला संध्याकाळी सहा वाजता व्हाउचरवर सही घेतली.

त्या रात्री मामांशी गप्पा मारत बसलो होतो. ते म्हणाले, गावाकडं ते आणि त्यांचे वडील दरसाल खळं करायचे. जमीन खुरपून काढायची, पाणी शिंपडायचं, माती वाफशावर आली की मधल्या मेढीभोवती बैल फिरवायचे, मग धुमसानं चोपायची, वर शेणाचा सडा, सारवण. भेग पडली की पुन्हा सारवण. “ज्वारी वतली तर दाना मातीत जायचा न्हाई,” मामा म्हणाले. कोकणातही पाऊस संपला की अंगण असंच नव्यानं करत. खणायचं, भिजवायचं, लाकडी चोपण्यानं चोपत चोपत भिंतीपर्यंत जायचं. भात झोडायला, वाल वाळवायला, रात्री पाठ टेकायला. म्हणजे सपाट जमीन हा काही साहेबानं शिकवलेला धडा नाही. फरक एवढाच, की आपल्याला सपाट जमीन लागे ती काम करायला, आणि तिच्यावर गवत उगवलं तर लाज वाटे. साहेबाला सपाट जमीन लागे ती बघायला, आणि गवत नसलं तर लाज वाटे. आपल्या लॉनला दोघांची मिळून लाज आहे.

गवताचंही तेच. ‘बर्म्युडा’ म्हणून नर्सरीत पैसे मोजून जे आणतात, ती आपली हरळीच. शेतकरी तिला शिव्या घालत मुळासकट उपटतो, आपण गणपतीला तिच्याच एकवीस दूर्वा वाहतो, आणि गोल्फवाले तिच्याच संकरित वाणावर चेंडू ढकलतात. हरळीला यातलं काही माहीत नाही. ती कुठंही वाढते.

हे सगळं सपाटीचं वेड ज्या देशातून आलं तिथं लॉर्ड्सचं मैदान आहे. क्रिकेटची पंढरी. वायव्येकडून आग्नेयेकडे ते जवळजवळ अडीच मीटर उतरतं, म्हणजे आठ फूट! एक टोक दुसऱ्याहून पुरुषभर उंच. एका बाजूनं टाकलेला चेंडू उतारानं आत येतो, दुसऱ्या बाजूनं बाहेर जातो. २००२-०३ च्या हिवाळ्यात त्यांनी मैदान उकरलं, पाण्याचा निचरा होईना म्हणून चिकणमाती काढून वाळू भरली, आणि उतार होता तसा परत घातला. रोलरवाल्या काकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, “तिथली गोष्ट वेगळी, ते मेंटेन करतात.”

निचऱ्याची गोष्ट लॉर्ड्सला कळली होती, आम्हाला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कळली. लॉन कितीही सपाट दिसलं तरी त्याला इमारतीपासून दूर जाणारा थोडा उतार लागतो, शंभर फुटांना निदान एक फूट. आमचं लॉन जुनं होतं तेव्हा गचके खात का होईना, पाणी कंपाउंडकडे जायचं. आता बुडबुडा मधोमध होता, आणि पाण्यालाही मधोमधच राहायला सांगितलं होतं. पहिल्याच वळवात तळं झालं. काठावरची पातळी फरसबंदीच्या वर गेलेली, त्यामुळे जादाचं पाणी सरळ ए विंगच्या लिफ्टच्या खड्ड्यात. बेडकांनी विशेष सर्वसाधारण सभा बोलावली, ती रात्रभर चालली आणि तिचा कोरमही भरला.

पाणी ओसरल्यावर हिरवळ उगवली. पण ती आमची नव्हती. डंपरच्या मातीतून लव्हाळा आला आणि गाजरगवत आलं. गाजरगवताला पुण्याचा जुना शेजार आहे. देशात ते पहिल्यांदा वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नजरेत आलं तेच १९५५-५६ च्या सुमारास, पुण्यात. त्याला लोक आणखी एका नावानं ओळखतात. ते लिहिलं तर या सदराला खुलासे छापावे लागतील.

पुढचं काम मामांनी कुणाला न विचारता केलं. खरं तर विचारायला कुणी खालीच येत नव्हतं. जास्तीची माती त्यांनी घमेल्यानं उचलून कंपाउंडच्या कडेच्या झाडांना घातली. गवताच्या ज्या जागा जिवंत होत्या, त्या मोकळ्या केल्या. लहान खड्ड्यांवर चाळलेली माती, वाळू आणि शेणखत यांचं मिश्रण बोटाच्या पेरापेक्षा कमी पसरलं आणि दंताळ्याच्या पाठीनं ओढलं. तीन आठवडे थांबले. पुन्हा तेच. खोल खड्ड्यांत गवताची गादी उघडून खालून माती भरली. दाबायला रोलर नाही, फक्त स्वतःचे पाय. एका रात्री मांडवाचं टेकाड चार बोटं कमी झालं, कुत्र्याचा उंचवटा मात्र त्यांनी तसाच ठेवला आणि त्यावर सदाफुली लावली. कुत्र्याचे मालक रोज सकाळी तिथं उभे राहतात. आंब्याच्या मुळांभोवती माती नाही घातली, दगडांचं कडं केलं. आजी आणि माजी दोघेही चेअरमन ते कडं आपल्याच सूचनेवरून झालं असं सांगतात.

एकदाच मध्ये अडथळा आला. सकाळी लॉनवर गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक बारीक गोळ्या दिसू लागल्या आणि सेक्रेटरींनी ‘कीड’ अशी तक्रार नोंदवून औषध मारायला सांगितलं. त्याच महिन्याच्या खर्चात गांडूळखताच्या वीस पिशव्या होत्या. वर जिवंत गांडुळं मारायची, आणि मेलेल्यांच्या जागी त्यांचं शेण पिशवीतून विकत आणायचं. चार्ल्स डार्विननं मरणाच्या सहाएक महिने आधी, १८८१ मध्ये, गांडुळांवर अख्खं पुस्तक छापलं. त्याच्या घराजवळ एक शेत होतं, १८४१ मध्ये शेवटचं नांगरलेलं, इतकं गारगोट्यांचं की त्याची मुलं त्याला दगडी शेतच म्हणत. तीस वर्षांनी तिथं घट्ट हिरवळ होती, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत घोडा दौडला तरी नाल दगडावर वाजत नव्हता. गांडुळांनी खालची माती चमचा चमचा वर आणून सगळं गाडून टाकलं होतं. मी हे सेक्रेटरींना सांगितलं. त्यांनी मनात हिशेब केला. कमिटीची मुदत पाच वर्षं. तीस वर्षं म्हणजे सहा कमिट्या. “आपल्याला नाही परवडणार,” ते म्हणाले. पण औषधवाला त्या आठवड्यात आलाच नाही, तेवढं बरं झालं.

दसऱ्याला लॉन उभं राहिलं. बुडबुडा मधे नव्हता, किंचित कंपाउंडकडे झुकलेला होता. अनवाणी चाललं तर पायाला जमीन आहे असं वाटत होतं. पोरं पडेनात. आजी चपलेशिवाय फेऱ्या मारू लागल्या.

मग कमिटी जागी झाली. इतका खर्च झालेलं लॉन वाया कसं घालवायचं? चारी बाजूंनी साखळी आली, पाटी आली : ‘लॉनवर चालणे, बसणे, खेळणे सक्त मनाई. हुकुमावरून.’ कोजागिरी पार्किंगमध्ये घ्यायचं ठरलं.

पार्किंगला उतार आहे. तो असतोच, पाणी जावं म्हणून. टेबल मांडलं, टेबलावर दुधाचं पातेलं मांडलं. चेअरमनसाहेब या वेळी बदामी झब्बा घालून आले होते. माणूस अनुभवातून शिकतो. पहिला ग्लास भरेपर्यंत टेबल एक वीत खाली सरकलं होतं, दुसऱ्याला दीड वीत, आणि तिसरा कुणी भरला नाही, कारण पातेलं तोवर साहेबांपर्यंत पोहोचलं होतं. सेक्रेटरींनी तिथंच वही काढली. रोलरवाले काका म्हणाले, “मी तेव्हाच सांगत होतो.”

वर चंद्र छान होता. लॉन रिकामं, दुधासारखं पसरलेलं. मधोमध, सगळ्यात सपाट जागी, चाळलेल्या मातीचा एक ताजा ढीग हळूहळू वर येत होता आणि ढिगाशेजारी एक घूस मागच्या पायांवर बसून मिश्या पुसत होती. पाटी तिला पाठमोरी होती.